दुबईच्या निम्म्या भावात

४ ऑगस्ट
माझं आयुष्य आज दुपारी साडेचारला, रिसोडच्या बसस्टँडवर, बंद रसवंतीच्या समोर बदललं. वैभवी कॉलेजहून परत आली होती. तिने मोबाईलवर एक रील दाखवलं. वाळवंट, छत नसलेली गाडी, गॉगल लावलेली बाई, वाळूचे फवारे. वैभवी म्हणाली, "कितीले पडत असीन रे हे?"
"रे" म्हणाली. मी मोजून ऐकलं.
बाजूला तिची मैत्रीण निकिता होती. तिला नाही विचारलं. (निकिता समोसा खाऊन राहिली होती. पण तोंड रिकामं असतं तरी विचारलं नसतं.) माणूस भाव कधी विचारतो? घ्यायचं असेल तेव्हाच.
संकल्प: भाव काढणे. वैभवीला नेणे. आणि आजपासून राग बंद. रागापायीच सेकंड इयरला कॉलेज सुटलं. सुटलं नाही, मी सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांनी वर्गासमोर माझं जर्नल उघडलं आणि "हे तर वैभवीचं आहे" म्हणाले. मी स्टूल फेकलं. तत्त्वाचा प्रश्न होता. जर्नल माझंच होतं, फक्त उतरवताना पहिल्या पानावरचं नावही उतरलं होतं.

५ ऑगस्ट
दिवसभर संघदीपच्या दुकानात. शाळेपासूनचा दोस्त, आता लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरतो. नेट त्याचं, मेहनत माझी.
दुबई: वाळूत एक तास, दहा-बारा हजार. आइसलँड: एक तास, पंधरा-वीस हजार, आणि वर थंडी. अमेरिका: अर्धा दिवस, लाल दगडांवरून, माणशी वीस हजाराच्या वर. मोरोक्को त्यातल्या त्यात गरिबांचा. आफ्रिकेत कुठे कुठे आठ-आठ दिवस नेतात, त्याचे आकडे पाहून संघदीपने स्क्रीन पुसली.
गाईड पुढच्या सीटवर बसतो आणि "घट्ट धरा" म्हणतो. एवढंच. त्याला टिप वेगळी. गाडी मोडली तर पैसे बसणाऱ्याने द्यायचे! बसणाऱ्याने!
संघदीप म्हणाला, "आबे हर्‍या, तिनं भाव इचारला. सोबत चाल नाई म्हटलं."
या माणसाला दूरदृष्टी नाही. त्याच्याशी बोलणं बंद केलं. नंतर प्रिंट काढायची होती म्हणून सुरू केलं.

७ ऑगस्ट
वैभवीला अकरा देशांचे भाव मेसेज केले. टॅक्स धरून, टिप धरून.
उत्तर आलं: "बापरे."
यावर विचार केला. नको असतं तर "बरं" म्हणाली असती. "बापरे" म्हणजे मन आहे, पण बजेट आडवं येतंय.

९ ऑगस्ट
सकाळी दात घासताना सुचलं. तिला दुबईला न्यायचं कशाला? दुबई इकडे आणायची.
वैभवीचं घर गावात नाही, वावरात आहे. डांबरी रस्त्यापासून आत दोन किलोमीटर कच्ची पांदण, दोन्हीकडे बाभळी, मध्ये नाला. पावसाळ्यात काळी माती अशी धरते की पाय निघतो, चप्पल राहते. परदेशात लोक असा चिखल मुद्दाम बनवतात आणि तिकीट लावतात. आपल्याकडे तो शासनाने मोफत ठेवला आहे.
या पांदणीबद्दल मला तसाही आदर आहे. मागच्या श्रावणात वैभवीला पाहायला मेहकरचे लोक आले होते, ते पांदणीच्या तोंडावरूनच परत गेले. त्यांच्या आधी अकोल्याचे आले, ते नाल्यापर्यंत पोचले आणि तिथून फोनवर नकार दिला. जिथं जायला रस्ता नाही तिथं सोयरीक करत नाहीत, ही इकडची रीतच आहे. फार चांगली रीत आहे.

१२ ऑगस्ट
जगदेवमामांची जीप रिसोड-वाशीम सीटा भरते. मामांना प्लॅन सांगितला. मामा म्हणाले, "चिखलात जाचे पैसे कोन देईन बे? चिखलातून काढाचे देतात."
मग मी तिकडचा नियम दाखवला, की गाडी मोडली तर भरपाई बसणाऱ्याची. मामांनी तो दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "हे मानसं नाईत, देव हायेत." दुपारनंतर जीप मिळायची ठरली.
जीपला चारही चाकांना जोर देणारा दांडा आहे. मामा त्याला छत्री अडकवतात. चालतो की नाही, कोणी पाहिलेलं नाही.
काचेवर लिहून घेतलं: हरीओम ऑफ-रोड टूर्स, गाईडसह. गाईड मी. रेट पाच हजार. दुबईच्या निम्म्या भावात.

१७ ऑगस्ट
बुकिंग नाही. रेट पंधराशे केला.

१९ ऑगस्ट
पहिली प्रवासी. केशरबाई, निंदणाला चाललेल्या. स्वतःच हात दाखवून बसल्या. पांदणीत अर्ध्या वाटेवर मी त्यांना नम्रपणे रेट सांगितला. म्हणाल्या, "वावरात जाचे पैसे? मंग चाळीस वर्सं पायी गेली, त्याचे तू देशीन का मले?"
उतरताना "घट्ट धरा" म्हणालो. त्या म्हणाल्या, "तू धर, माया विळा पडला खाली." विळा शोधून दिला.
राग आला नाही. दारावर एक लाथ मारली, पण ती जीपच्या.
रेट तीनशे.

२२ ऑगस्ट
पोळा. सगळे घरी, सगळ्यांचे कपडे नवे, म्हणून आजच डेमो राईड ठेवली. वैभवीच्या घरापर्यंत जायचं, हॉर्न वाजवायचा, ती ओसरीत येणार, बाकीचं आपोआप.
नाल्याच्या अलीकडे फसलो. चाकं अर्धी आत.
ओढायला बैल मागितले. तेव्हा लक्षात आलं की आज पोळा. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पाच-सहा जोड्या बांधावर उभ्या, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि सगळे बैल माझ्याकडे पाहत होते. मालकही. एक म्हणाला, "आज त्यायची सुट्टी हाय भाऊ, उद्या ये." कुठे येऊ, मी तिथंच होतो. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, तर त्याने ट्रॅक्टरचीही पूजा केली होती. हार घातलेला ट्रॅक्टर चिखलात घालत नाही म्हणाला.
मग वैभवीचे बाबा आले. पंजाबराव. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात पुरणपोळीचं ताट झाकलेलं. जीपभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "इथपावतर आनली? श्रावनात? इथपावतर कधी फटफटी नाई आली बाप्पा."
आणि माझा नंबर मागितला.
स्वतःहून.
पोळी खाल्ली. वैभवीने केली असावी. कडेला थोडी करपली होती, तशी मला आवडते. कालपर्यंत आवडत नव्हती.

२३ ऑगस्ट
सकाळी बैलांनी काढली.
संध्याकाळी पंजाबरावांचा फोन. "उद्या मोकळा हायेस का? पाच मानसं आनाची हायेत डांबरीवरून घरापावतर. जे असीन ते देऊ." मी म्हणालो, तुमच्याकडून कसले पैसे. ते म्हणाले, "असं कसं, धंदा हाय तुया."
काल नंबर घेतला, आज पाच मोठी माणसं बोलावली. मला पाहायलाच. आधी गाडी चालवताना पाहणार, मग घरी नेऊन बोलणार. शेतकरी बैलही आधी चालवूनच घेतो.
पांढरा शर्ट इस्त्री केला. आईने विचारलं, कुठे. मी फक्त हसलो. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी
शांतपणे लिहितो.
डांबरीवर पाच जण उभे होते. एक काका, एक मध्यस्थ, आई-वडील, आणि ऋषिकेश नावाचा गॉगलवाला. पुण्यात कंपनीत आहे. पाच मिनिटं मी सगळ्यांशी फार अदबीने वागलो. त्याच्या आईला हात देऊन पुढे बसवलं. त्या म्हणाल्या, "तुमी इकडलेच न बाप्पा? पोट्टी कशी हाय सभावानं?"
मी म्हणालो, कोणती.
त्या म्हणाल्या, "जिले पाह्यले चाल्लो, ते."
एक संकल्प होता, राग बंद. तो तिथं संपला.
ठरवलं, हे लोक परत जातील. मेहकरचे गेले, अकोल्याचे गेले, पुण्याचे काय मोठे. पांदण सोडली आणि सरळ नाल्यात घातली. दांड्याची छत्री काढून फेकली, दांडा ओढला. आजपर्यंत न चाललेला दांडा चालला. आजच. जीप आडवी झाली, काकांची टोपी गेली, मध्यस्थाने गजाननाचं नाव घेतलं, गॉगलवाल्याच्या तोंडावर पावशेर चिखल बसला. मी आरशात पाहिलं.
तो ओरडला, "एक नंबर! अजून एकदा, भाऊ!"
म्हणाला, कंपनीने दुबईला नेलं होतं, बारा हजार तासाचे, आणि गाईड दहाच्या वर स्पीड जाऊ देत नव्हता. "तिथं निस्ते पैसे गेले. खरं हे हाय." म्हणाला, तुझ्यासारखा गाईड तिथंही नाही.
इतक्या दिवसांत माझ्या धंद्याची किंमत कळणारा हा पहिला माणूस.
मी अजून एकदा नेलं. नंतर तिसऱ्यांदा मीच विचारलं.
घरी पोचलो तर त्याची आई म्हणाली, "अशा वाटेनं पोट्टी शिकाले जाते म्हंजे काटक हाय. मले नाजूक नोकोच होती." वैभवी पाणी घेऊन आली. चिखलाने भरलेला तो पाहून ती हसली. इतकी हसली की तांब्या खाली ठेवावा लागला. मग त्याने दुबईचं सांगितलं. ती म्हणाली, "बारा? हरीओमनं तर मले दहा सांगितले होते."
माझं नाव घेतलं. सगळ्यांसमोर.
नंतर ते दोघं अर्धा तास बोलले. मी अंगणात पोहे खाल्ले. दोनदा दिले.

२५ ऑगस्ट
पंजाबरावांचा फोन. सोयरीक जमली. "तुया गाडीनं जमलं रे बाप्पा. दोन जागा त्या पांदनीनं घालवल्या होत्या." पितृपक्ष लागायच्या आत, चार तारखेला साक्षगंध (साखरपुडा). चाळीस माणसं, चार फेऱ्या, रेट मी म्हणेन तो.
धंदा बंद केला. काचेवरचं नाव नखांनी खरवडलं. "टूर्स" निघालं, बाकीचं निघत नाही.
मामांनी मला न विचारता बुकिंग घेतलं.

३० ऑगस्ट
परवा वैभवीचा मेसेज आला: "चार तारखेला तूच गाडी चालव. दुसऱ्याचा भरवसा नाही."
दोन दिवस काही सुचत नव्हतं. आता स्पष्ट आहे. तिला हे लग्न नको आहे. उघड बोलता येत नाही. माझ्यावर भरवसा म्हणजे, मीच गाडी फसवणार हा भरवसा. नवरदेव नाल्यात, मुहूर्त गेला, लोक म्हणणार अपशकुन.
संघदीपला सांगितलं. त्याने भरत असलेला फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाला, "चहा घेतो का?"

१ सप्टेंबर
फसायची प्रॅक्टिस. नाल्यात चार ठिकाणी घातली. चारही ठिकाणांहून निघाली. हात आपोआप गिअर टाकतात. पोळ्याच्या दिवशी जिथं फसलो होतो, तिथूनही निघाली. केशरबाई बांधावरून म्हणाल्या, "आता आली बरं तुले गाडी."
उद्या पुन्हा प्रयत्न करायचा.

२ सप्टेंबर
नाही फसत.

३ सप्टेंबर
दुपारी पांदणीच्या तोंडाशी गेलो तर ट्रॅक्टरांची रांग. मुरूम. पंजाबरावांनी बाजूच्या वावरवाल्यांना गोळा केलं होतं. पंधरा वर्षं बांध सोडायला जे तयार नव्हते, ते लेकीच्या साक्षगंधासाठी दोन-दोन हात सरकले. नाल्यात सिमेंटचे पाईप टाकले. वरून रोलर.
वैभवी तिथंच उभी होती, डोक्यावर ओढणी, ट्रॉल्या मोजत. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. रीलमधली गाडी, भाव, दुबई इकडे आणायची होती ते. फसवण्याचा प्लॅनही सांगितला, म्हणजे तिला धीर येईल.
ती हसली नाही. म्हणाली, "हरीओम, रील पाह्यले मजा येते रे. मी बारावीपासून चपला हातात घेऊन ह्या पांदनीनं येऊन राह्यली. डांबरीवर पाय धुवाले एक बाटली वेगळी आनाव लागते. तुले एकदा तरी वाटलं का इचाराव, का हिले कुठं जाचं हाय?"
मी म्हणालो, कुठे जायचं आहे.
ती म्हणाली, "आता सांगून झालं. ज्यानं इचारलं त्याले."
मग म्हणाली, जीप आता लागणार नाही, लोकांच्या गाड्या सरळ येतील. पण जेवायला ये. आईलाही आण.

४ सप्टेंबर, सकाळी
मुरमावरून दुधवाल्याची स्कूटर गेली, असं मामांनी सांगितलं. तीन मिनिटांत पंजाबरावांच्या दारात.
ऋषिकेशचाही फोन येऊन गेला. विचारत होता, नाल्याचा जुना रस्ता शिल्लक आहे का, मित्र येऊन राहिले पुण्याचे, पैसे देतील. मी म्हणालो, बुजवला. म्हणाला, "अरेरे." त्याला खरंच वाईट वाटलं. या पूर्ण प्रकरणात नाल्यासाठी वाईट वाटणारे आम्ही दोघंच.
आईने नवी साडी नेसली आहे. मी म्हणालो, तू संघदीपसोबत जा. का, ते तिने विचारलं नाही. पांढरा शर्ट घडी करून पेटीत ठेवला.
मामांना ताप आहे. बाहेर जीप उभी, वाशीमच्या नऊ सीटा बसल्यात, एक बाकी. आतून कोणीतरी हॉर्न दाबून राहिलं आहे. "ओ गाईड, चाल्ता का नाई? मी तहसीलले जाऊन राह्यलो, पिक्चरले नाई!" माणशी पन्नास. डांबरी रस्ता.
राग आला नाही. खरंच नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.
पेन ठेवतो. किल्ली घेतली. दार ओढून घेतो.