ब्रशच्या डब्यातल्या गोळ्या

बाबा,

रंगाच्या ब्रशखाली लपवलेल्या खांदेदुखीच्या गोळ्या सापडल्या. त्या मी घेऊन चाललेय, शोधत बसू नका.

दोन घासांत पोट गच्च होतं म्हणून तुम्ही ताट सरकवता, आणि मी वेड्यासारखी आधी तिखट कमी केलं, मग तेल, मग मीठ. घरात आजाऱ्याचं जेवण शिजतंय आणि आजार कुठला हे मलाच माहीत नाही.

प्रयोगशाळेत मी दिवसभर हेच बघते. जठराच्या स्नायूची पट्टी कोमट खारट पाण्यात टांगलेली असते, लयीत आकुंचन पावते. तुमच्या या गोळ्यांसारखं सूज उतरवणारं औषध त्यात टाकलं की लय बिघडते आणि मला लगेच दिसतं. ती पट्टी माझ्यापासून काही लपवत नाही.

संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय. तिथे "जरा गॅस झालाय" म्हणालात तर मी चारचौघांत भांडेन. आज तुम्ही शिडीवर चढणार नाही, हे तुमच्या ठेकेदाराला मीच फोन करून सांगितलंय.

भाजी झाकून ठेवलीय, मीठ पहिल्यासारखं घातलंय. माझ्यावर ओरडायचं असेल तर आधी पोटभर जेवून दाखवा.