काकांची पाठ आणि एक्केचाळीस रुमाल

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द यंदा मनापासून लिहिला आहे. कंबर धरल्यापासून मी एकदा आडवा झालो की आठही अंगं जमिनीला लागतात आणि उठायचं नाव घेत नाहीत.) तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालतो, कारण ठीक नसती तरी तू ते कळवलं नसतंस. गुडघ्याला तेल लावतेस का? लावत नाहीस, मला माहीत आहे. इकडे आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात आमची ही माझ्याशी मोजकंच बोलते, कारण गेले चार महिने मी घरात एका जागी बसलेलो नाही. जेवताना उठतो, भिंतीकडे बघतो, परत बसतो. मध्ये तिच्या मैत्रिणीकडे गेलो होतो, तर तिथे भिंतीवर एक रिकामा खिळा. तासभर मी त्या खिळ्याकडेच पाहत होतो आणि निघताना न राहवून मैत्रिणीच्या नवऱ्याला विचारलं, इथे काय होतं हो? तिथे त्याच्या भावाचा फोटो होता आणि भावाशी त्याचं बिनसलं आहे, हे मला काय ठाऊक! तेव्हापासून हिने मला कुठे न्यायचं बंद केलं आहे.

पत्र लिहायला बसलो (बसलो कसला, फ्रीजवर कागद ठेवून उभ्यानेच लिहितो आहे), कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू "बरं, मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि मुद्दा माझ्या घशात अडकतो. पत्रात कसं, मुद्द्यापर्यंत आपल्या चालीने जाता येतं.

तर आमच्या कचेरीत नेमकं काय चालतं हे तू दरवेळी विचारतेस आणि मी दरवेळी "कॉम्प्युटरचं काम" म्हणून सुटतो. यंदा नीट सांगतो. लोकांकडे गाणी असतात, सिनेमे असतात, घरच्या लग्नाची रेकॉर्डिंग असतात. आमचं सॉफ्टवेअर ते सगळं गोळा करून पडद्यावर कपाटात लावल्यासारखं मांडतं, प्रत्येकाचं कव्हर समोर. पण निम्म्या गोष्टींना कव्हरच नसतं. तिथे नुसतं भोक ठेवून चालत नाही, म्हणून काहीतरी चित्र ठेवावं लागतं. बसमध्ये जागा धरायला माणसं रुमाल टाकतात ना, तसं. कचेरीत आम्ही त्याला रुमालच म्हणतो. तो रुमाल कसा दिसावा हे ठरवण्यासाठी एक शिकलासवरलेला, संसारी माणूस पगार देऊन ठेवला आहे, आणि तो तुझा भाचा आहे. (आईला हे अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी इंजिनियर आहे.)

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं कोणी? तूच. काका गेल्यावर त्यांच्या शिळेच्या चौसष्ट कॅसेटी मी तुझ्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. (जन्मभर टपालखात्यात शिक्के मारलेल्या माणसाने रोज संध्याकाळी खिडकीत उभं राहून शीळ घालावी आणि वर ती स्वतःच टेप करून ठेवावी, याला बाकीचे नातेवाईक काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. तू त्यांना शीळसम्राट म्हणायचीस आणि ते कानापर्यंत लाल व्हायचे.) शिळेच्या कॅसेटीला कव्हर कुठून असणार? पडद्यावर चौसष्ट करडे चौकोन उमटले, प्रत्येकात एक प्रश्नचिन्ह. तू चष्मा पुसलास, पुन्हा पाहिलंस आणि म्हणालीस, "चाळीस वर्षं शीळ घातली त्या माणसाने, आणि तुमचं यंत्र विचारतंय हा कोण?" एवढं बोलून तू चहा ठेवायला आत गेलीस. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते प्रश्नचिन्ह मीच काढलेलं होतं, मावशी.

दुसऱ्याच दिवशी साहेबांना म्हटलं, रुमाल बदलायचा. आमचे साहेब उत्साही आहेत. कशालाही आधी हो म्हणतात आणि नंतर कशालाच हो म्हणत नाहीत. मी आधी सुरांची खूण काढली, तर ते म्हणाले, सिनेमावर ही शोभेल का? मग गोल तबकडी काढली. ती लांबून डोळ्याच्या दवाखान्याच्या पाटीसारखी दिसते असं सर्वानुमते ठरलं. मग सुबक अक्षरांत नुसतं "चित्र नाही" असं लिहिलं, तर एका गिऱ्हाइकाची तक्रार आली की "चित्र नाही" नावाचा एकच सिनेमा माझ्याकडे दोनशे सत्तर वेळा कसा, आणि उघडल्यावर चित्र तर दिसतंय. तेव्हा मी इरेला पेटलो. प्रत्येक अल्बमला आपोआप वेगळा रंग, वेगळी वेलबुट्टी, वेगळी नक्षी! इतकं देखणं झालं ते, की लोकांनी आपली खरी कव्हरं काढून टाकून माझे रुमाल ठेवून घेतले. मला वाटलं, आता सत्कार होणार. पण आमच्याकडे किसणीबाई आहेत. (या आमच्या तपासनीस. समोर ठेवलेल्या गोष्टीचा त्या इतका कीस पाडतात की शेवटी ती गोष्ट शिल्लक राहत नाही.) त्या म्हणाल्या, "रुमाल बघून जागेवरचा माणूसच उठून गेला, तर तो रुमाल काय चाटायचाय?" त्यांचं बरोबर होतं. त्यांचं बरोबर असलं की मला जिना चार वेळा चढावा-उतरावा लागतो. खालचा लॉन्ड्रीवाला पूर्वी मला बघून इस्त्री थांबवायचा, आता बघतसुद्धा नाही.

असे एक्केचाळीस रुमाल झाले. एक्केचाळिसावा नापास झाला त्या रविवारी मी तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? औषधांच्या यादीच्या कोऱ्या बाजूवर तू पेन्सिलीने काकांना काढलं होतंस. पाठमोरे. खिडकीत उभे, हात मागे बांधलेले, कान दोन्हीकडे फाकलेले, सदऱ्याची कॉलर एका बाजूला दुमडलेली. मी विचारलं, तोंड का नाही काढलंस? तू म्हणालीस, "शीळ घालताना कधी वळला का तो? कोणी बघितलं की त्याला हसू यायचं, आणि हसताना शीळ वाजत नाही." एकतीस वर्षं शाळेत पोरांना नाकडोळे काढायला शिकवलेल्या बाईने एवढं बोलून पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणालीस, हेच लाव चौसष्टांना. मी फोनवर फोटो घेतला, चौसष्टांना लावून दिला आणि घरी आलो. इथपर्यंत मी निर्दोष आहे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर तुला वाटेल मी कट केला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दर गुरुवारी पाच वाजता बाहेर पडते. ती बाहेर काढणारे गृहस्थ काहीही विचारलं तरी "होईल" एवढंच म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना होईलबुवा म्हणतो. पाचच्या ठोक्याला रुमालाच्या खणात जे असेल ते होईलबुवा उचलतात. ते चांगलं की वाईट हे बघणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. खण रिकामा असला तर सगळंच अडतं, म्हणून आम्ही तिथे तात्पुरतं काहीतरी टाकून ठेवतो. त्या गुरुवारी मी तुझं चित्र टाकलं, ते केवळ मापात कसं बसतं हे बघायला. (खोटं कशाला बोलू? मला ते नुसतं बघत राहायचं होतं.) साडेचारला कमरेच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, गेलो. त्यांनी मला पालथं घातलं आणि पाऊण तास हलायचं नाही अशी तंबी दिली. चार महिन्यांत मी स्थिर राहिलो तो हा पाऊण तास, आणि तेवढ्यात काका जगभर झाले.

शुक्रवारी कचेरीत पोचलो तर साहेब आनंदाने उड्या मारायच्या बेतात. लोकांची पत्रं येत होती. एका बाईंनी विचारलं होतं, माझ्या वडिलांची पाठ तुम्हाला कुठे मिळाली? एकाने लिहिलं होतं की बिनकव्हराची रेकॉर्डिंग मी कधी लावतच नव्हतो, आता लावतो, आपल्याआधी कोणीतरी ऐकत उभं आहे असं वाटतं. आणखी एकाची मागणी होती की पुढच्या आवृत्तीत या गृहस्थांनी कृपया वळावं. किसणीबाईंनी पडदा जवळ ओढून बघितला, लांब सारून बघितला, आणि पहिल्यांदाच त्यांना कीस पाडता येईना. हळूच म्हणाल्या, "कोण हो हे?" आणि मावशी, मी म्हणालो, "कोणी नाही. असंच काढलंय."

लाज वाटली मला. अजून वाटते. ज्या माणसाने माझ्या सायकलच्या मागे धापा टाकत शीळ घातली (शीळ थांबली की समजायचं त्यांनी हात सोडला, असा आमचा करार होता), त्याला मी कोणी नाही म्हटलं. आणि तुझी रेघ माझी म्हणून सांगितली. साहेबांनी शाबासकी म्हणून पाठीत थाप मारली तेव्हा कमरेत जी कळ गेली ती मला अगदी योग्य वाटली. त्यानंतर तीन आठवडे माझ्या येरझाऱ्या दुप्पट झाल्या. शेवटी परवा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की हे माझे काका आहेत, चित्र मावशीचं आहे आणि तिला मी विचारलेलं नाही. साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "विचारलेलं नाही म्हणजे?" मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. होईलबुवासुद्धा काही म्हणाले नाहीत.

असो. पत्राच्या शेवटी लहानांना आशीर्वाद आणि मोठ्यांना नमस्कार लिहायचे असतात. तुझ्या घरात तू एकटीच, तेव्हा दोन्ही तूच ठेवून घे.

तुझा,
अजून उभाच असलेला भाचा

ता. क. सोबत एक छापील कागद आहे. हे चित्र कंपनीला कायमचं, कुठल्याही स्वरूपात वापरायला दिलं आहे, असं त्यावर लिहिलेलं आहे. खाली उजवीकडे फुली केली आहे, तिथे सही करून शुक्रवारच्या आत पाठव. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. कागद आला नाही तर चित्र उतरवावं लागेल आणि साहेब माझ्या जागी दुसरा रुमालवाला बघतील. हे ते हसत हसत म्हणाले, म्हणजे खरंच म्हणाले.

ता. क. दुसरा. तुझ्या कॉम्प्युटरवर "चौसष्ट अल्बमना कव्हर नाही. शोधू का?" असा प्रश्न येईल. कृपा करून "होय" दाबू नकोस. आमचं यंत्र ज्यावर रुमाल दिसेल त्याला बिनकव्हराचं समजतं, आणि आता तुझं चित्र हाच रुमाल झाला आहे. म्हणजे ज्या एका घरात काका खरोखरचे कव्हरवर आहेत, नेमकं तिथेच ते नाहीत असं त्याचं म्हणणं आहे. मी इथे "होय" दाबून पाहिलं. शिळेच्या चौसष्ट कॅसेटींसाठी त्याने अठ्ठेचाळीस प्रेशर कुकर, पंधरा फुटबॉलचे पंच आणि एक रेल्वेचा गार्ड शोधून आणला. हे दुरुस्त होईल का, असं होईलबुवांना विचारलं. होईल म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. आज डॉक्टरांकडे बाहेर बसलेल्या बाईंच्या कॉम्प्युटरवर आमचंच सॉफ्टवेअर चालू होतं. कुठल्यातरी गाण्यावर काका उभे होते. बाईंना त्या गाण्याचं खरं कव्हर सापडलं, त्यांनी ते लावलं, आणि काका गेले. बाईंचं काही चुकलं नाही. रुमालाचं कामच ते, जागेचा धनी आला की उठायचं. पण मावशी, काका कोणासाठी जागा धरून उभे नव्हते गं. ती त्यांचीच जागा होती. तू सही करू नकोस. कागद फाडून टाक. साहेबांना मी सांगेन, मावशी फार हट्टी आहे, काही केल्या ऐकत नाही. तेवढं एक खोटं मला बोलू दे.