परक्या कोर्टाच्या हवाली होण्यापूर्वी

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, धंदा कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्ती, कायमचा पत्ता विचाराल तर आईचं घर आणि खरा पत्ता विचाराल तर जिथे काम मिळेल ते गाव, सध्या मुक्काम तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांच्या बराकीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धमकावलेलं नाही, कोणी काही पाजलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. बाकीचा मी उद्यापासून कुठे असेन हे मात्र माझ्या हातात उरलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

या वयात हे कसलं भलतंच, असं आई म्हणेल. आई, ही कल्पना वकीलबाईंची. त्या म्हणाल्या, "तुझ्या नावावर जे काही आहे त्याचं इथेच काय ते करून ठेव. त्या परक्या देशातून एक सही आणायची म्हटलं तरी वर्ष जाईल." मी विचारलं, "एवढंच कारण ना?" त्यावर त्यांनी फाइल मिटली आणि चष्मा पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

कलम १. घर. बाबांच्या मागे घराचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर झाला, तो आईला द्यावा. अट एकच. माझ्या खटल्यासाठी घर विकायचं नाही, गहाणही टाकायचं नाही. तिकडचा वकील करू, अपील करू, असं ताई म्हणेल. तिचं ऐकू नये. मागच्या खोलीतला खिळखिळा पलंग फेकून दिला तरी चालेल. त्या खोलीत मी पहिला रेडिओ खोलला होता आणि बाबांनी बातम्यांच्या वेळेला तो मागितला तेव्हा तो ताटभर स्क्रू होऊन पडला होता. मारलं नाही त्यांनी. म्हणाले, "आता बातम्या तूच वाच." आणि मी वाचल्या, मनाच्याच, हसून हसून ताईच्या पोटात दुखायला लागलं. हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं बहुतेक. राहू दे.

कलम २. मोटारसायकल ताईला. ती शाळेची व्हॅन चालवते, तिला गाडी कळते. भावोजींनी त्या गाडीवर बसूच नये असं माझं म्हणणं नाही, पण पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक यातला फरक आधी बायकोकडून शिकून घ्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही ताईनेच करावी. तिला यातलं काही मिळतंय म्हणून साक्षीदार म्हणून तिची सही चालत नाही म्हणे, नाहीतर मला दुसरं कोण हवं होतं?

कलम ३. हत्यारं. आता आला चिमटा. त्याचं खरं नाव काहीही असो, बारीक चिमट्याने काम करतो म्हणून चिमटा. तीन गावं आम्ही एका खोलीत राहून धंदा केला. पोलीस दुकानात आले तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच हा म्हणाला, "माझं नाही साहेब, ते त्याचं मशीन." चहा मागवला का रे त्यांच्यासाठी? मागवला असशील. तर चिमट्याला माझी डाख वितळवायची गरम हवेची बंदूक द्यावी. तिची मूठ फुटलेली आहे आणि मधूनच शॉक देते, हे त्याला सांगू नये. बाकी सगळी हत्यारं, भिंग आणि लाकडी पेटीसकट, त्याच्या धाकट्या बहिणीला. तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर आहे आणि हे त्यालाही माहीत आहे.

कलम ४. ज्याच्यामुळे हा कागद लिहायची वेळ आली ते. हे मिळकतीत बसत नाही, पण मागे ठेवण्यासारखं माझ्याजवळ मुख्य हेच आहे.

आम्हा दुरुस्तीवाल्यांची एक रीत आहे. मशीनचा पासवर्ड बदलला की नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवायचा, म्हणजे पुढच्या माणसाची डोकेफोड वाचते. एका दुपारी दुकानात एका सुट्या भागाची वाट बघत बसलो होतो. रस्त्याने जाताना लोक दुकानांच्या काचांतून डोकावतात, तसा मी रिकामा असलो की इंटरनेटवर उघडी पडलेली मशिनं बघत फिरतो. एक जागा धरून बसणं मला जमतच नाही, खुर्चीत बसूनसुद्धा. तर एक मशीन सापडलं. पडद्यावर नळांची चित्रं, आकडे, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. कोणीही यावं, काहीही करावं. ते कुठल्या देशातलं आहे हेही मला कळलं नाही. मी पासवर्ड बदलला आणि झाकण नव्हतं म्हणून चिठ्ठी पडद्यावरच लावली. दार उघडं होतं, लावून घेतलंय, नवा पासवर्ड हा. लिहिली आपल्याच लिपीत. आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या तशाच लिहिल्या, दुसरं काही सुचलंच नाही. मग सुटा भाग आला, मी मोबाईल जोडायला बसलो आणि ते विसरून गेलो.

ते मशीन एका परक्या गावातली घरं गरम ठेवणारं होतं. तिथल्या लोकांना पडद्यावर भलतीच अक्षरं दिसली. खंडणीची धमकी आली असं समजून त्यांनी घाबरून सगळी यंत्रणा स्वतःच बंद करून टाकली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. एक आजी तिच्या खुर्चीतच गेली.

पासवर्ड मी बदलला हे मी पहिल्याच दिवशी कबूल केलंय. माझी चौकशी करू नका असं मी कधीच म्हणालो नाही. माझं म्हणणं एवढंच की ती इथे करा. ज्या खुर्चीत बसून मी हे केलं ती इथे आहे, ती चिठ्ठी वाचता येणारा न्यायाधीश इथे आहे, आणि दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरण्याबद्दल शिक्षा इथल्या कायद्यातही आहे. तिकडे म्हणे प्रत्येक घर हा वेगळा गुन्हा धरतात आणि शिक्षा एकापुढे एक जोडतात. सगळं कबूल केलं तर थोडी सूट. वकीलबाईंनी बेरीज करून बघितली आणि मला सांगितली नाही.

इथल्या कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "आरोपी तिथे गेला नाही, मान्य. पण त्याचा हात तर तिथे पोचला ना?"

ताई मागच्या बाकावरून ओरडली, "मग हातच न्या की! अख्खा माणूस कशाला नेताय?"

लोक हसले. तिला बाहेर काढलं. प्रत्यार्पण मंजूर झालं.

कलम ५. त्या आजीच्या मुलाचा जबाब कोर्टात वाचून दाखवला. त्याला मला समोर बघायचंय, त्याच्याच गावात, जिथे त्याची आई गारठली तिथे. हे ऐकल्यापासून मी त्याच्यावर चिडायचा खूप प्रयत्न केला, जमलं नाही. माझी आई अशी गेली असती तर मीही हेच मागितलं असतं. म्हणून वरचं कलम चार दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून नीट उतरवून घेऊन ताईने त्याला पाठवावं. माफ कर असं त्यात घालू नये. ते मला स्वतः म्हणायचंय, आणि म्हणायला मी उरलो नाही तर ते दुसऱ्याच्या तोंडून नको.

कलम ६. हे कलम लिहू नकोस असं मला सांगण्यात आलं आहे. तरी लिहितो.

माझ्या शेजारच्या खाटेवर मास्तर होते. टायपिंगचा क्लास चालवायचे. आरोप माझ्यासारखाच, देशही तोच. त्यांना मधुमेह होता, म्हणून नीट ठेवू, औषधपाणी वेळेवर देऊ, अशी लेखी हमी तिकडच्या सरकारने दिली होती. त्यांना नेलं. पुढच्या उन्हाळ्यात बंद पेटी आली. कागदावर लिहिलं होतं, हृदय थांबले. पेटी उघडू नये, असा शिक्का होता. त्यांच्या बायकोने सांगितलं तिथे सही केली आणि पेटी न उघडताच अंत्यसंस्कार केले. ती अजून तुरुंगाच्या फाटकाशी येते आणि कोर्टाच्या तारखेला नेताना आमच्यापैकी जो दिसेल त्याला विचारते, "तुम्ही पाहिलं होतं ना हो त्यांना? अंगाने बरे होते ना? पेटी फार हलकी लागली हो."

माझ्यासाठी आलेली हमी वकीलबाईंनी मला वाचायला दिली. तोच मजकूर. आजाराच्या जागी माझ्याही कागदावर मधुमेह लिहिलाय. मला मधुमेह नाही. हे वरपर्यंत कळवलं, तर उत्तर आलं की हमी योग्य नमुन्यात आहे.

म्हणून माझी शेवटची इच्छा स्पष्ट लिहितो. मी चालत परत आलो तर हा कागद फाडून टाकावा. पेटी आली तर ती उघडावी. ताईने उघडावी, आईला बाहेर ठेवून, दिवसाउजेडी, आपल्या ओळखीचा डॉक्टर सोबत घेऊन. शिक्का असला तरी उघडावी. कोणी कागद पुढे केला तर उघडून झाल्याशिवाय सही करू नये.

बराकीचे हवालदार शेजारी उभे राहून वाचत होते. म्हणाले, "अरे बाबा, हे सहावं काढ. वरच्यांच्या नजरेस पडलं तर सगळा कागदच अडकवतील."

मी म्हटलं, "हवालदारसाहेब, तुमचा मुलगा असता तर?"

त्यांनी पेन मागितलं.

सही: (मृत्युपत्र करणारा)

ठिकाण: तुरुंगाची भेटीची खोली
दिनांक: नेण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी

साक्षीदार पहिला: बराकीचा हवालदार. कैद्याने माझ्यासमोर सही केली. सहावे कलम मी काढायला सांगितले होते, ते माझे सांगणे मी मागे घेतो.

साक्षीदार दुसरा: तुरुंगाचा डॉक्टर. सदर इसमाने माझ्यासमक्ष सही केली. तो शुद्धीवर आहे. मी त्यास आज तपासले. मधुमेह नाही, हृदय उत्तम. उजव्या मनगटाच्या आतील बाजूस सोल्डरिंगने भाजल्याचा नाण्याएवढा डाग आहे. डाव्या पायाची करंगळी जन्मतः शेजारच्या बोटावर चढलेली आहे. खालची एक दाढ काढलेली आहे. आजचे वजन एकसष्ट किलो. हे सर्व पेटी उघडणाराच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नमूद केले आहे.