श्रियाची एंडोस्कोपी आणि हातावरचं दही

उमरगा, गुरुवार

तीर्थरूप दाजींच्या पायाशी विरुपाक्षचा शरणार्थ.

तुम्ही ठणठणीत असाल, गुडघा सोडून, असं धरून चालतो. गुडघ्याची वेगळी चौकशी करत नाही, कारण गेल्या खेपेला केली तेव्हा तुम्ही परांड्याच्या मुक्कामी गाडीपासून सुरुवात केलीत आणि गुडघ्यापर्यंत येईतो जेवणाची ताटं पडली. अक्काला नमस्कार सांगू नका. म्हणजे हे पत्र आलंय हेच तिला सांगू नका. तिला कळलं तर ती धपाट्यांचा डबा घेऊन पहिल्या एसटीनं इकडं निघेल, आणि सध्या आमच्या घरात कुठलाही डबा दिसला की माझ्या छातीत धडधडतं. फोनच केला असता, पण तुमचा फोन अक्का उचलते, आणि ‘काय न्हाय, सहज केला’ हे मी म्हटलं की तिला सगळं समजतं. म्हणून हे पाकीट कळंब गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. तुम्ही एसटीत ड्रायव्हर होता म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. (तुमच्या नावानं चहा मागितला. पाजला.)

तर श्रियाचं पोट दिवाळीपासून दुखतंय हे तुम्हाला ठाऊक आहेच. आधी आम्ही ते शाळेवर ढकललं, मग कुरकुऱ्यांवर, मग सरोजिनीच्या माहेरच्या पाण्यावर (यावर घरात दोन मतं आहेत). शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली. तोंडातून नळी घालून जठर आतून बघायचं आणि गरज वाटली तर चिमटीएवढा तुकडा तपासायला काढायचा. डॉक्टर बराच वेळ समजावत होते. मी मान डोलवत होतो. पण खरं सांगतो, ‘नळी’ हा शब्द आल्यानंतरचं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. दरवर्षी आठवीच्या पोरांना मी पचनसंस्था शिकवतो. फळ्यावर अन्ननलिका एका फटक्यात काढतो, सगळी शाळा नावाजते. पण ती फळ्यावरची अन्ननलिका कुणाची पोरगी नसते.

घरी आल्यावर मी तयारीला लागलो. मोबाईलवर इतके व्हिडिओ बघितले की आता मला तो फोन जुलाबाच्या औषधांशिवाय दुसरी जाहिरात दाखवत नाही. मग वाटलं, जे लेकराला सोसावं लागणार ते बापाला माहीत असलं पाहिजे. शेजारी बांधकाम चालू आहे. तिथल्या गवंड्याकडून पाण्यानं लेवल बघायची ती पारदर्शक नळी मागून आणली, गरम पाण्यानं धुतली, आणि न्हाणीघरात आरशासमोर उभा राहून गिळायचा सराव सुरू केला. दोन बोटं आत गेली असेल नसेल, तोच माझा असा काही आवाज निघाला की सरोजिनीनं दार वाजवायच्या ऐवजी थेट ढकललं. तिनं माझ्याकडं बघितलं, नळीकडं बघितलं आणि म्हणाली, ‘अहो, पोरीला भूल देणारेत. झोपेत करणारेत सगळं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं की.’ मी नळी परत केली. गवंड्यानं ती कशाला हवी होती हे विचारलं नाही, पण तेव्हापासून तो मला लांबूनच रामराम करतो.

डॉक्टरांच्या सूचनांपैकी एक मात्र माझ्या डोक्यात पक्की बसली होती. पोट रिकामं पाहिजे. भूल देताना पोटात काही असलं तर ते उलटून श्वासात जाऊ शकतं, म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणानंतर काही म्हणजे काही द्यायचं नाही. दाजी, हे काम मी ज्या निष्ठेनं केलं ते बघून तुम्हाला माझा अभिमान वाटला असता. श्रियाचं दप्तर झाडलं. त्यात चिंच सापडली, अर्धी चिक्की सापडली, आणि एक पेढा सापडला जो बहुधा गणपतीतला होता. चिवड्याचा डबा कपाटावर, गूळ कुलपात, केळी शेजारच्या अनिसाभाभींकडं. अनिसाभाभींचा श्रियावर जीव. ती खिडकीत दिसली की त्या काहीतरी तोंडात कोंबणारच. त्यांना मी हात जोडून सांगितलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही फिकीर करू नका. लेकराला वास बी जायला नको म्हणून आज फोडणीच देत न्हाय.’ आणि खरंच, त्यांच्या घरी त्या रात्री सगळ्यांनी दूध-भाकरी खाल्ली. स्वयंपाकघराला मी कुलूप घातलं आणि किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. सरोजिनीला सकाळी चहा मिळाला नाही. त्यावर ती जे बोलली ते लिहीत नाही.

मंगळवारी सकाळी सोमेशची गाडी दारात लागली. तुम्ही सोमेशला ओळखता, बोलेरो चालवतो, लग्नात नाचताना पडला तो. श्रिया चप्पल घालून उंबऱ्यात उभी राहिली. नवा फ्रॉक अंगावर लोंबत होता, कमरेला सरोजिनीनं पिन लावली होती. ती पिन बघितली आणि माझं डोकं चालायचं बंद झालं. आता तुम्हाला आमच्या घरची रीत माहीत आहे. माणूस परीक्षेला निघो, मुलाखतीला निघो, नाहीतर कोर्टात तारखेला निघो, आईनं हातावर दही-साखर घातल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. तुम्ही अक्काला बघायला आला होता तेव्हा परत जाताना तुम्हालाही घातली होती. आई गेल्यापासून ते काम माझ्याकडं आहे.

मी किल्ली काढली. माझ्याच हातानं लावलेलं कुलूप माझ्याच हातानं उघडलं. दही काढलं, त्यावर साखर घातली आणि चमचाभर श्रियाच्या तळहातावर ठेवलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि चाटून टाकलं. सरोजिनी मागच्या दाराला कडी लावत होती, तिला दिसलं नाही. मग मी सोमेशलाही दिलं, मीही खाल्लं. गाडीत बसल्यावर इतकं प्रसन्न वाटलं की नळदुर्गपर्यंत मी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दलसुद्धा चकार शब्द काढला नाही.

दवाखान्यात श्रियाला हिरवा झगा घातला. हातात सुई टोचली, तेव्हा तिनं डोळे मिटले, मीही मिटले. सिस्टरनं विचारलं, काही खाल्लं-प्यायलंय का. मी छाती काढून म्हणालो, ‘अन्नाचा कण न्हाय. सकाळी निघताना दही-साखर तेवढी दिली.’ आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. सिस्टरनं पेन खाली ठेवलं. ‘सर, दही म्हणजे खाणंच की.’ सरोजिनीनं माझ्याकडं जसं बघितलं तसं तिनं आपल्या लग्नाच्या बैठकीतही बघितलं नव्हतं. सोमेश मागून मदतीला आला, ‘मॅडम, लई न्हवतं, चमचाभरच. म्या बी खाल्लं की.’ त्यानं काही उपयोग झाला नाही. डॉक्टर आले, हसले नाहीत याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, आणि म्हणाले, आज भूल देता येणार नाही, पुढच्या मंगळवारी या. तेवढ्यात श्रियानं विचारलं, मग आता इडली खाऊ का. तिनं दीड इडली खाल्ली. पूर्वी चार खायची.

अनिसाभाभींना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘भाऊ, आमी फोडणी बंद ठेवली अन् तुम्हीच?’ आता केळी परत मागायला जायची मला लाज वाटते.

दाजी, हसून झालं असेल तर एक सांगतो. मला भीती वाटते. नळीची नाही, ती आत जाऊन काय बघेल त्याची. पोरगी महिन्या-महिन्याला हलकी होत चाललीय, आणि जठरात काय काय बिघडू शकतं त्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. हे मी सरोजिनीला बोलू शकत नाही, कारण तिलाही तेच वाटतंय आणि ती मला बोलत नाही.

असो. मोठ्यांना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा मेहुणा,
विरुपाक्ष

ता. क. मंगळवारी सोमेशला दुसरं भाडं आहे. तुम्ही आदल्या दिवशी मुक्कामी आलात तर गाडी तुम्हीच चालवाल. तुमच्याइतका भरवशाचा ड्रायव्हर या जिल्ह्यात नाही.

ता. क. २. सोमेशला भाडं वगैरे काही नाही. तुम्ही नुसते या. तिला आत नेल्यावर बाहेरच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसा, एवढंच काम आहे. एसटीचे किस्से सांगितले तरी चालतील. परांड्याचाही चालेल.

ता. क. ३. मामा, मी श्रिया. अप्पा पाकीट चिकटवायला गोंद आणायला गेलेत म्हणून लिहिते. दही खायचं नसतं हे मला माहीत होतं. पण अप्पांचा हात एवढा हलत होता की साखर खाली सांडत होती, आणि मी नको म्हटलं असतं तर ते सोमेशकाकांसमोर रडले असते. म्हणून खाल्लं. तुम्ही नक्की या, आणि आत्यालापण आणा. मला तर झोपवणार आहेत. अप्पा जागेच असणार.