चाळीस कॉलरी

प्रिय भिंगरी,

कारखान्याच्या गेटवर तू मला बघून तोंड फिरवतेस, म्हणून लिहितेय. काल तुम्हा घोषणा देणाऱ्यांच्या घोळक्यातून दगड आत आला तो उंचीच्या खांद्याला लागला. बाहेरच्या देशातून आलेल्या बायकांतली ती सगळ्यांत उंच, म्हणून आम्ही तिला उंचीच म्हणतो. तिने आधी मशीन बंद केलं, कापडाला रक्त लागू नये म्हणून, आणि मग ओरडली. तुझ्या बोटातून सुई गेली होती तेव्हा तूही अगदी असंच केलं होतंस.

आपला चाळिसाचा नियम आठवतो? दिवसाला शर्टाच्या चाळीस कॉलरी शिवायच्या, त्यावर एकही नाही. चाळीस झाल्या की सगळ्यांचे दोरे एकदम तुटायला लागायचे, बॉबिनी सापडेनाशा व्हायच्या. मॅनेजर म्हणायचा, "या मशिनींना चार वाजता झोप येते की काय?" आणि तू साळसूद चेहऱ्याने म्हणायचीस, "साहेब, म्हाताऱ्या झाल्यात, आमच्यासारख्याच." नव्या बाईला पहिल्याच दिवशी शेजारचीने हळूच सांगायचं, हीच रीत. मला तू सांगितलं होतंस. त्या चाळिसावरच आपला कॉलरीमागचा दर टिकून होता; जास्त निघाल्या की मालक तो पाडणार.

या बायका आल्या आणि साठ-साठ करायला लागल्या. महिन्याभरात दर उतरला, त्यांचाही आणि आपलाही. तुझी बोटं आखडलेली, तुला साठ जमेनात. कामावरून पहिली तूच गेलीस. तू म्हणतेस, यांनी आमच्या तोंडचा घास काढला. कसं खोटं म्हणू? पण कारखान्यातल्या बंद पडलेल्या शिलाईच्या दोन लाइनी त्यांच्यामुळेच सुरू झाल्या, त्यांच्या मुलांमुळे शाळेचा वर्ग वाचला, हेही खोटं नाही. गल्लीत भाडी वाढली म्हणून सगळे बोंबलतात. तुझ्याच भावाने मागच्या कोठीत त्यांच्यातल्या आठजणी ठेवल्यात. तो सकाळी भाडं घेतो आणि दुपारी गेटवर घोषणा देतो! त्यांचे पासपोर्ट त्यांना इथे आणणाऱ्या ठेकेदाराकडे अडकलेत. काम सोडून जायचं म्हटलं तरी जाता येत नाही.

आता जे कुणालाच ठाऊक नाही ते सांगते. उंची माझ्या शेजारच्या मशीनवर बसली होती. पहिल्या दिवशी पाणी प्यायला उठलो तेव्हा तिने कॉलर वर धरून मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "किती?" आदल्याच दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, माल वाढला तर सुपरवायझर तूच. आमच्या ह्यांचं काम सुटून पाच महिने झाले होते. पण तेवढंच कारण नव्हतं गं. मला ती खुर्ची हवी होती. मी उंचीला म्हटलं, "जमेल तेवढ्या." तिला वाटलं, किती भली बाई आहे! तिने इतरांनाही तेच सांगितलं. बढती मिळाली तेव्हा तू मला मिठी मारलीस, म्हणालीस, आपल्यातली एक तरी वर गेली.

उद्या दहा वाजता गेटवरचे तुम्ही सगळे कोठीवर जाणार आहात, त्यांना सामानासकट बाहेर काढायला. तुझ्या भावाने सकाळीच अंगणाच्या फाटकाची कडी काढून ठेवायचं कबूल केलंय, हे मला त्याच्याच बायकोने रडत सांगितलं. हे पत्र तिच्याच हाती देतेय. भिंगरी, निघायच्या आधी हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. माझी नोकरी जाईल, तुझी मैत्रीही जाईल, ते मी धरून चाललेय. आज उंचीला चाळिसाचं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तेव्हा का नाही सांगितलंस?" वाचूनही यावंसं वाटलं तर ये. मी सकाळपासून त्यांच्या खोलीत असेन. दार मीच उघडेन.

तुझीच,
शेजारच्या मशीनवरची