अकरा ब्लाउज आणि फ्री डिलिव्हरी

२ फेब्रुवारी, सोमवार
शॉपिंग ॲपची वर्षाची मेंबरशिप घेतली. आता एका दिवसात घरपोच, तेही फुकट. पामसारख्या खेड्यात राहून मुंबईचा थाट. पहिली ऑर्डर वर्षाराणीच्या शिलाई मशीनची मोटर. मंजुळाताईंनी मुलीच्या लग्नाचे अकरा ब्लाउज तिला शिवायला दिलेत. बायकोची पहिलीच मोठी ऑर्डर, शनिवारी द्यायची. पायाने मशीन मारून गुडघा सुजलाय. ती म्हणाली, बोईसरला तात्यांच्या दुकानात मोटर आहे, येताना आणा. मी नुसता हसलो.

३ फेब्रुवारी
फर्स्ट शिफ्ट. आमच्या केमिकल कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. सुटल्यावर बघतो तर मेसेज: ग्राहकाने ओटीपी दिला नाही. डिलिव्हरीवाला दारात येऊन खोकं परत घेऊन गेला म्हणे. सिस्टीम कडक आहे. मला आवडलं.

४ फेब्रुवारी
परत तेच. वर्षाराणी म्हणाली, अहो, माझा नंबर टाका ना. समजावलं की मेंबर मी आहे. दोन ब्लाउज तिने पायानेच शिवले. गुडघ्याला हळद.

५ फेब्रुवारी
डोकं चालवलं. गेटवरच्या दिनानाथला सांगून ठेवलं, मोबाईल वाजला की ओटीपी बघून घरी कळव. पण मोबाईलला माझ्या अंगठ्याचं लॉक. अंगठा प्लांटमध्ये. दिनानाथने हे आधी विचारायला हवं होतं. हल्ली जबाबदारी कोणालाच नको.

६ फेब्रुवारी
सकाळी वर्षाराणी लंगडत तात्यांकडे निघाली होती. मीच अडवलं. दोन मोटरी काय डोक्यावर घ्यायच्यात? आज येणार म्हणजे येणार!
संध्याकाळी: आली नाही. डिलिव्हरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, भैया, आप ही बताओ, घर पे कब रहते हो? रविवार ठरला. चौथा ब्लाउज झाला.

७ फेब्रुवारी
मंजुळाताई आल्या. पोरीचं लगीन हाय, आता थांबून चालायचं नाय, म्हणाल्या. सात ब्लाउजचं कापड परत नेलं. पिशवी वर्षाराणीनेच भरून दिली, वर चहाही पाजला. मला काही विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११.१०
मोटर आली! ओटीपी स्वतः दिला, खणखणीत आवाजात. डिलिव्हरीचा एक रुपया नाही. मेंबरशिप वसूल व्हायला लागली.

११.४५
मोटर बसवली. काय पळते! वर्षाराणीला हाक मारली. शिवायला काही नाही, म्हणाली.

१२.००
कंपनीचा शर्ट काढून दिला. बाही उसवलीय. म्हटलं, होऊन जाऊ दे उद्घाटन. तिने सुईदोरा माझ्या हातात ठेवला आणि पाय ओढत आत गेली.

१२.३०
दोरा अजून सुईत गेलेला नाही.