घुम्या गप्प राहिला

रविवार, १४ जून

प्रिय बयो,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मायलेक तुझ्या बहिणीकडे नीट पोचलात, असं खालच्या वॉचमनकडून कळलं. पत्ताही त्यानेच दिला. आधी देईना, मग म्हणाला, "फोन नका करू त्यांना. पत्र टाका हवं तर." तू माझा फोन उचलणार नाहीस हे मलाही ठाऊक होतं.

इकडची खबर म्हणजे जिन्यातला दिवा लागला एकदाचा. आपण दोघींनी वर्षभर कंठशोष केला तेव्हा कोणी ढिम्म हललं नाही. परवा तुमच्या खिडकीला नवी काच बसवायला माणूस आला, त्यानेच जाता जाता बसवून टाकला. कुंड्यांना मी माझ्या गॅलरीतून पाणी घालते, निम्मं खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. आमच्या चष्म्याच्या दुकानात सध्या मोठ्या गोल फ्रेमचं वेड आलंय, कॉलेजच्या झाडून सगळ्या पोरी घुबडासारख्या दिसायला लागल्यात. मालकांनी नंबर तपासायचं नवं मशीन घेतलं, पण त्याला हात लावायची त्यांना धास्ती, म्हणून गिऱ्हाईक आलं की मलाच पुढे करतात. ह्यांची डेपोतली पाळी बदलली.

बघ, इतकं लिहून झालं आणि मी अजून घुबडांतच अडकलेय.

माझा भिंगऱ्या बरा आहे. ही बातमी मी तुला द्यावी हेच मुळात उलटं आहे, कारण तो परत आला तो आधी तुझ्या दारात.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे. तुला जे माहीत आहे ते तू टीव्हीवर ऐकलेलं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या तोंडचं.

पोरं सुट्टीत तळ्यावर गेली, तिथपर्यंत सगळं सरळ होतं. चौघं मित्र, एक लाकडी घर भाड्याने घेतलेलं, रोज फोटो येत होते. मग एका सकाळी भिंगऱ्या अंथरुणात नव्हता आणि त्याचा मोबाईल होडीच्या धक्क्यावर पडलेला. पाणबुडे उतरले. ह्यांनी आणि मी काठावर उभं राहून पाण्याकडे बघितलं. तू माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होतीस. तुझा घुम्या जरा लांब, एका झाडाला टेकून. तो रडत नव्हता. कॅमेरावाल्यांनी ते लगेच टिपलं.

बाकीची दोन पोरं बोलून गेली की आदल्या संध्याकाळी धक्क्यावर दोघांचा आवाज चढला होता. झालं! लोकांना तेवढं धाग्याचं टोक पुरलं. कोणी म्हणालं पोरीवरून भांडण, कोणी म्हणालं नशा. एका वाहिनीने तळ्याचं चित्र काढून त्यावर दोन काळ्या बाहुल्या नाचवल्या, एक दुसरीला ढकलते. घुम्याच्या पापण्या किती वेळा लवतात यावर एका अनोळखी बाईने व्हिडिओ केला, आणि तो आमच्या दुकानात गिऱ्हाइकं एकमेकांना दाखवत होती. त्याचं नावसुद्धा भोवलं. भिंगऱ्याने पहिलीत असताना लाडाने ठेवलेलं नाव ते, हा बोलत नाही म्हणून घुम्या. टीव्हीवर ते असं काही उच्चारलं जायचं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

मग माझ्यापुढे माईक आला. आपल्याच इमारतीच्या फाटकात. ती बातमीदार मुलगी वयाने भिंगऱ्यापेक्षा फार मोठी नसेल. म्हणाली, "काकू, तुम्हाला कोणाचा संशय येतो?"

मी म्हणाले, "मी कोणाचं नाव घेणार नाही. पण शेवटी त्याच्यासोबत कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे."

नाव न घेतल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, बयो. वाटलं, किती संयमाने बोलले.

ते वाक्य त्यांनी दिवसभर फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या पाळणाघरात मुलं येईनाशी झाली. आधी जुळी थांबली, मग ती सतत शेंबूड ओढणारी गोड पोरगी, मग सगळीच. तुझ्या दाराबाहेरच्या चिमुकल्या चपलांची रांग कमी कमी होताना मी समोरून बघत होते. आणि दुकानात मात्र माझी काय बडदास्त! एक बाई डोळ्यांवर नंबर तपासायची जड फ्रेम तशीच ठेवून माझा हात धरून बसली. "तुम्ही कशा हो इतक्या शांत? मी असते तर त्याचा गळा धरला असता." मालकांनी मला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत कधी दिली नव्हती. मला ते आवडलं. आतून जळत होते, पोराच्या काळजीने घास गिळवत नव्हता, हे खरंच आहे. पण ते आवडलं हेही खरं आहे.

तुमची काच फुटली तेव्हा मी घरात होते. खळ्ळकन आवाज आला, पाठोपाठ तुझा. दार उघडायला मी उठले आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. टीव्हीचा आवाज वाढवला.

आता जे लिहायचं ते.

तपास अधिकाऱ्याने मला विचारलं होतं की आदल्या संध्याकाळी मुलाशी काय बोलणं झालं. मी सांगितलं, "काही नाही, जेवलास का विचारलं. मजेत होता." त्याने ते लिहून घेतलं. मजेतल्या मुलाला निघून जायचं कारणच नाही, म्हणजे त्याला कोणीतरी काहीतरी केलं असणार. तपास तिथून घुम्याकडे वळला. तो माझ्या त्या उत्तराने वळला, माईकवरचं वाक्य तर नंतरचं.

फोन आला तेव्हा मी दुकानात एका म्हाताऱ्यांच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होते. भिंगऱ्या म्हणाला, "आई, रागावू नकोस. मी परीक्षेला बसलोच नाही. वर्षभर वर्गातसुद्धा फारसा गेलो नाही. मला जमत नाही ते."

मी विचारलं, "घुम्या बसला का परीक्षेला?"

"बसला."

"मग?"

स्क्रू माझ्या बोटांतून निसटला, म्हातारे बिचारे वाकून शोधायला लागले, आणि मी फोनमध्ये म्हणाले, "तो माझ्या पोटी यायला हवा होता. तू कशाला आलास?"

असं म्हणाले मी. रागाच्या भरात, पण आवाज न चढवता, गिऱ्हाइकांपुढे तमाशा नको म्हणून अगदी हळू. त्यामुळे ते त्याला ठरवून म्हटल्यासारखं वाटलं असणार. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

तुझ्या पोराचं कौतुक मी माझ्या पोराच्या डोक्यात आयुष्यभर घालत आले. अक्षर बघ त्याचं, वागणं बघ त्याचं. आणि पहिलं संकट आलं तेव्हा त्याच पोराला उचलून मी लोकांपुढे टाकलं.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. आधी वाटलं, पोरगं सापडलं की आपोआप मिटेल. मग वाटलं, सापडलं नाही तर ते वाक्य घेऊन जगायचं कसं? कोणीतरी दुसऱ्याने काहीतरी केलं असेल, असं मला वाटायला हवं होतं. हळूहळू वाटायलाही लागलं, बयो. घुम्याच्या तोंडाकडे बघून मला खरोखर संशय यायला लागला.

भिंगऱ्या पहाटेच्या बसने निघून गेला होता. कोणाचा फोन नको म्हणून मोबाईल धक्क्यावर टाकला. लोक त्याला पाण्यात शोधतील हे त्याच्या डोक्यातही आलं नाही, असं म्हणतो, आणि मला ते पटतं. पुढचा विचार त्याने कधी केलाय? शेवटच्या थांब्यावर उतरला आणि फर्निचरच्या एका गोदामात खोकी उचलायच्या कामाला लागला. बातम्या बघायच्याच नाहीत असं ठरवलेलं. मग एका दुपारी खानावळीत जेवताना समोरच्या टीव्हीवर घुम्या दिसला, अधिकाऱ्यांच्या गाडीत बसताना, डोक्यावर जॅकेट ओढलेला. जॅकेट भिंगऱ्याचंच होतं, म्हणून त्याने ओळखलं. ताट तसंच टाकून निघाला.

पुढचं तू मला सांगू शकशील, मी नाही. आत तुझ्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. मी एवढंच बघितलं की बेल वाजली, मी दार उघडलं, आणि तू त्याच्या दंडाला धरून उभी होतीस. त्याचं तोंड धुतलेलं, अंगावर घुम्याचा धुवट शर्ट. तू म्हणालीस, "जेवलाय तो. झोपू दे आधी." आणि वळलीस. मी तुला आत ये म्हणाले नाही. मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मी पोराला कवटाळून हंबरडा फोडला, आणि भानावर आले तेव्हा तुझं दार लागलेलं होतं.

दोन दिवस भिंगऱ्या फक्त झोपला. तोवर घुम्याला सोडलं होतं. मग खाटेवर बसून म्हणाला, "घुम्याला तू टीव्हीवर असं का बोललीस?"

मी म्हणाले, "मला काय माहीत होतं रे, तू कुठे आहेस ते? तो तोंड उघडायला तयार नव्हता. तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

"भांडण कसलं? तो म्हणत होता घरी फोन कर परत. मी नाही म्हणत होतो. मी त्याला सांगितलं ना, तू काय म्हणालीस ते. जसंच्या तसं."

अधिकारी घुम्याला पुन्हा पुन्हा विचारत होते की मुलगा कशामुळे बिथरला होता. तुझा लेक प्रत्येक वेळी एकच सांगायचा, "त्याचं काकूंशी बोलणं झालं होतं. काकूंना विचारा." मला ते अधिकाऱ्यानेच सांगितलं होतं, आणि पोरगा माझ्यावर ढकलतोय म्हणून मी चिडले होते. त्याला सगळं ठाऊक होतं. ते एक वाक्य त्याने तिथे उच्चारलं असतं तर तो त्याच दिवशी सुटला असता, आणि बाहुल्या माझ्या नाचल्या असत्या. मी अधिकाऱ्याला काय सांगितलं ते त्याला कळलं, तरी त्याने मला खोटं पाडलं नाही. मी स्वतः सांगेन याची तो वाट बघत राहिला.

त्याने तुला सांगितलं होतं का? माझ्या दारात माझ्या पोराला घेऊन उभी राहिलीस तेव्हा तुला माहीत होतं का, बयो? मी याचा विचार करत बसते आणि कुठलंही उत्तर मला सोसत नाही.

मी ह्यांना सांगितलं. हे इस्त्री करत होते. इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं. मग म्हणाले, "मी त्या पोराला डेपोत सगळ्यांसमोर शिव्या दिल्या. तो माझ्याकडे आला होता, काका म्हणून. मी हाकलून दिलं." त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे.

तपास अधिकाऱ्याकडे जाऊन जबाब बदलला. त्याने मान वर न करता लिहून घेतलं. त्या बातमीदार मुलीला फोन केला. म्हटलं, तेव्हा मी बोलले ते चुकीचं होतं, मला पुन्हा बोलायचंय. ती चांगलं बोलली, पण म्हणाली, "काकू, मुलगा मिळाला ना? मग आता त्या विषयात काही राहिलं नाही." मी म्हटलं, दुसऱ्याचा मुलगा राहिलाय. तिला दुसरा फोन आला.

म्हणून मग मी दारोदार गेले. पाळणाघरातल्या प्रत्येक मुलाच्या घरी. उभ्या उभ्या सांगितलं की मी खोटं बोलले, घुम्याचा काही दोष नव्हता, त्याच्या आईचा तर नव्हताच नव्हता. जुळ्यांची आई म्हणाली, "आम्हाला तर पहिल्यापासून वाटतच होतं, तो असं करणार नाही." मी विचारलं, "मग मुलं का काढलीत?" तिने दार लावलं. त्या शेंबड्या पोरीच्या आजोबांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलीच्या पाळणाघरातल्या मावशी परत कधी येणार?" ती अजून रोज तयार होऊन दारात बसते म्हणे.

दुकानात आता लोक माझ्याबद्दल बोलतात, हळू आवाजात, नव्या फ्रेम लावून बघता बघता. मालकांनी खुर्ची परत आत नेली. बरं झालं.

भिंगऱ्याने डेपोत बस धुण्याचं काम धरलंय. मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "माझं जाऊ दे." एवढंच. म्हणजे कोणाचं जाऊ द्यायचं नाही ते मी समजले. येत्या सुट्टीला तो तुमच्याकडे येणार आहे, घुम्याला भेटायला. मी येणार नाही. तू बोलावल्याशिवाय तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचं तोंड मला उरलेलं नाही.

हे पत्र घुम्याला वाचून दाखवायचं की फाडून टाकायचं ते तू ठरव. मी माफी मागत नाही, कारण मागितली की ती द्यायची पंचाईत तुझ्यावर येते, आणि तुझ्यावर मी आधीच पुष्कळ घातलंय.

उत्तराची अपेक्षा नाही, असं शेवटी लिहिणार होते. पण ते खरं नाही. पोस्टमन जिन्यात आला की मी दार उघडते.

समोरच्या दारातली